खालचा सूर

१

टेप फिरत होती आणि चॅपेलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं.

सुरुवातीला कुणी चुळबुळ केली नाही. पास्कल परेराच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे मृत्यूनंतर महिन्याने होणाऱ्या प्रार्थनेला, जमलेल्या लोकांना वाटलं, ही शांतता गाण्याचाच भाग असेल. पास्कलला आवडणारी गाणी तशीच होती. आठ-नऊशे वर्षांपूर्वीची, लॅटिन, ना ऑर्गन ना ताल. स्पेन-फ्रान्सकडे पायी यात्रेला निघालेली माणसं वाटेवरच्या चर्चमध्ये मुक्कामाला थांबली की जे गात, ते. रेल्वे वर्कशॉपमधल्या या फिटरने आयुष्यभर त्याच्या रेकॉर्डी जमवल्या आणि निवृत्त झाल्यावर तिघांचा गट करून स्वतः गायला घेतलं. मरोळच्या गावठाणात त्यावरून त्याची पुष्कळ थट्टा होई.

यंदा जानेवारीत, डोंगरीवरच्या, म्हणजे इथल्या टेकडीवरच्या, या चॅपेलची यात्रा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याने यात्रेकरूंचं एक गाणं आपल्या जुन्या स्पूल मशीनवर रेकॉर्ड केलं होतं. जुलैत तो गेला. आज मिस्सा संपल्यावर ते गाणं लावायचं, असं त्याच्या बायकोने, रेजिनाने, ठरवलं होतं.

रेजिना पहिल्या बाकावर काळ्या झग्यात ताठ बसली होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत राहिली. बाहेर काचेच्या ऑफिसांवरून एक विमान खाली उतरत गेलं. ते गेल्यावरही स्पीकर गप्पच.

मशीनपाशी बसलेल्या प्रबुद्ध हिवाळेने बटण दाबून टेप थांबवली. जानेवारीतलं रेकॉर्डिंग त्यानेच केलं होतं. त्याने रीळ काढून उजेडात धरलं, टेपचं टोक बोटांनी चाचपलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बिघडली का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"बिघडायला ती टेप तर पाहिजे ना," प्रबुद्ध म्हणाला. "ही ती नाहीच. डब्यात कुणीतरी कोरी ठेवलीय."

२

नलिनी गावडे मागच्या बाकावर बसली होती. भांडुपची, साठी ओलांडलेली. ती आणि रेजिना एकाच विमा कंपनीत होत्या. रेजिना टायपिंगला, नलिनी दावे तपासायला. बुडाल्याचं सांगितलेल्या आणि नंतर रंग बदलून सापडलेल्या बोटी तिने पाहिल्या होत्या. माणसं खोटं का बोलतात याचं तिला आता आश्चर्य वाटत नसे. कशाबद्दल बोलतात, एवढंच ती बघायची.

लोक पांगल्यावर ती रेजिनाबरोबर तिच्या घरी आली.

"पोलिसात जाऊ?" रेजिनाने विचारलं.

"काय सांगशील? नवऱ्याचा आवाज चोरीला गेला?"

"तेच तर गेलंय."

रेजिनाने पाण्याचा स्टीलचा ग्लास नलिनीपुढे सरकवला.

"एप्रिलमध्ये कळलं, घशाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आधी आवाज गेला, मग माणूस. फोनमध्ये काही नाही, त्याला फोनचा कंटाळा. मला त्याचा चेहरा आठवतो गं. आवाज आठवायला गेले की रेडिओवरच्या कुणाचा तरी येतो. एकदा ऐकला असता तर बसला असता डोक्यात."

"शेवटी बोलवायचा कसा तुला?"

रेजिनाच्या गळ्यातल्या साखळीत पास्कलची लग्नाची अंगठी होती. तिने ती ग्लासवर वाजवली. टक्-टक्. मग थोडं थांबून, टक्.

"याचा अर्थ चहा. आजारातच नाही, लग्न झाल्यापासून हेच. मी आतून ओरडायचे, आले! तोंड दिलंय ना देवाने, म्हणायचे." ती अंगठी मुठीत धरून बसली. "मग खरंच तोंड बंद झालं."

नलिनीने मग कामाचं विचारलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी रेजिना चॅपेलबाहेर पायरीवर बसली होती, चहाचा थर्मास घेऊन. विमानांचा आवाज नको म्हणून दारं घट्ट लावलेली. कुणाला आत सोडायचं नाही, ही तिची ड्युटी. आतलं अवाक्षर तिला ऐकू आलं नाही.

"दार उघडल्यावर पास्कल बाहेर आला आणि कानाशी येऊन पुटपुटला, केव्हाचा बोलावतोय, ऐकलं नाहीस. म्हटलं, बंद दारातून कसं ऐकणार? डिसेंबरपासून त्याला सर्दी होती, आवाज बसलेला. तरी गायला."

त्यानंतर टेप मागे गुंडाळताना मशीनचा बेल्ट तुटला. प्रबुद्ध मशीन चेंबूरला घेऊन गेला. तसला बेल्ट मिळेपर्यंत कित्येक महिने गेले, म्हणून टेप कुणीच ऐकली नव्हती. डबा या खोलीतल्या कपाटात होता, शेजारीच पास्कलची कोरी रिळं. कपाटाला कुलूप नाही. काल संध्याकाळी घरी रोझरीची प्रार्थना झाली, तेव्हा त्या दिवशी गाण्याला असलेले तिघंही आले होते: प्रबुद्ध, वरचा आवाज गाणारी गार्गी, आणि पास्कलच्या बरोबरीने खालचा सूर धरणारा त्याचा जुना दोस्त दुमिंग.

"तिघांपैकीच कुणीतरी," नलिनी म्हणाली. "बाहेरच्याला डबा कुठला ते कळलं नसतं. आणि चोराला रिकामा डबा ठेवता आला असता. त्याने कोरी टेप ठेवली. म्हणजे मशीनने काही टिपलंच नाही, असं तुला वाटावं अशी त्याची इच्छा होती."

"असं का वाटावं?"

"ते कळलं की माणूसही कळेल."

३

दुमिंग क्रियादो ओट्यावर बसून मांदेली साफ करत होता. त्याच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"या नलिनीबाय. सीआयडी आली म्हणायची." त्याने कोपराने एक स्टूल पुढे ढकललं. "मला धरून नेणार असाल तर मांदेली तळून होईस्तोवर थांबा."

"आधी गाणं कसं असतं ते सांग. मला त्यातलं कळत नाही."

दुमिंगने सुरी बाजूला ठेवली. "सोपं आहे. वरचा आवाज फिरतो, यात्रेकरूसारखा. चढतो, उतरतो, थांबतो. खालचा जागचा हलत नाही. एकच सूर. तो म्हणजे पायाखालची वाट, पास्कल म्हणायचा. वाट मध्येच संपली तर वरचा चालणार कुठे? म्हणून खाली दोघं लागतात. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने धरून ठेवायचं. दुसऱ्याला श्वास हवा की पहिल्याने. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच माणसाचा दम संपतच नाही."

"आणि कुणी कधी घ्यायचा, हे ठरवता?"

"ठरवायचं काय? लहानपणी आम्ही दोघं देवळाच्या, चर्चच्या, कॉयरमध्ये एका बाकावर उभे राहायचो. त्याची छाती फुगली की माझी आपोआप थांबते. आमचा सूर कधी तुटला नाही."

"जानेवारीतही नाही?"

"नाही." त्याने सुरी पुन्हा उचलली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोघांनी धरला. फर्स्टक्लास."

"टेप कुणी नेली असेल?"

"देवाला माहीत. पण जाऊ दे ना, बाय. कोरी निघाली, बस. रेजिनाला समजव. टेपने माणूस परत येतो का?"

त्याचे डोळे भरून आले होते. मांदेलीचा हात लागेल म्हणून त्याने ते दंडाला पुसले.

पार्ल्याला गार्गी रेगेने दार उघडलं तेच फणकाऱ्याने. ती तिशीतली, शाळेत संगीत शिकवणारी.

"तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल, काकू. हो, माझं आणि पास्कल अंकलचं वाजलं होतं. मला ते रेकॉर्डिंग बाहेरच्या एका कोर्सच्या अर्जाला जोडायचं होतं. ते नाही म्हणाले. ऐकवायचंच नव्हतं तर गाऊन घेतलं कशाला? म्हणून मी चोर?"

"माझ्या कामात सगळेच चोर वाटतात. मनाला लावून घेऊ नकोस. ही ती टेप नाही, हे प्रबुद्धने नुसतं टोक चाचपून कसं ओळखलं?"

"हिरवी पट्टी. सुरुवात ओळखू यावी म्हणून. मीच तर टोक धरून उभी होते तो चिकटवत होता तेव्हा. दोन म्हातारे अजून खाली चढण चढत होते. पास्कल अंकल चारचार पायऱ्यांवर बसत होते त्या दिवशी."

नलिनीने मान हलवली. "गाणं कसं झालं होतं?"

गार्गीने फोन काढला.

"प्रबुद्धने फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. मी चोरून चालू ठेवला, माझा सूर तपासायला. जागा संपली म्हणून अर्ध्यावरच थांबलंय. आंटीला दिलं नाही, कारण यात मीच भरून राहिलेय. खालचे दोघं पुसट आहेत. आणि..."

"आणि काय?"

"ऐका तुम्हीच."

४

वर गार्गीचा आवाज दगडी भिंतींना लागून फिरत होता. खाली, दूर, एक जाड सूर होता. नलिनीने फोन कानाला लावला आणि फक्त त्या सुराकडे लक्ष दिलं.

सूर तुटला. अगदी क्षणभर. मग पुन्हा लागला. पुढच्या ओळीच्या शेवटी पुन्हा तुटला.

"हे असं पहिल्यांदाच झालं," गार्गी म्हणाली. "दोघं एकदमच श्वास घेत होते. माझी पाठ होती त्यांच्याकडे, ते मागे वर, चॅपेलच्या माडीवर. मी काही बोलले नाही. म्हटलं, वय झालं. कशाला दुखवा?"

नलिनीने ती क्लिप पुन्हा ऐकली आणि तिथून ती थेट चेंबूरला गेली. प्रबुद्धच्या दुकानात भिंतीला लागून जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि उघडी पडलेली मशीनं होती. तो उभा राहिला, पुन्हा बसला.

"मॅडम, खरं सांगू? टेप गेली हे कळल्यावर एक मिनिट मला बरं वाटलं."

"का?"

"माझी चूक झाकली गेली म्हणून." तो हातातला पेचकस फिरवत होता. "पास्कल अंकलचा हट्ट, मायक्रोफोन एकच. मी तो चुकीच्या जागी लावला बहुतेक. हेडफोनमध्ये गार्गी कडक येत होती आणि खालचा आवाज अर्धाच. दोन माणसांचा वाटतच नव्हता. मी म्हटलं, अंकल, परत घेऊ. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मी भीतीने पुढे बोललो नाही. आंटीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, माझ्या नवऱ्याचा आवाज कुठाय?"

"मग मिस्सेला, टेप कोरी निघाल्यावर, रेकॉर्डिंगच झालं नव्हतं असं का नाही सांगितलंस? तुझी चूक कायमची झाकली असती."

"झाकली असती, पण ते खोटं झालं असतं. पट्टीच नव्हती त्या टेपला."

"बरोबर." नलिनी उठली. "मायक्रोफोन जागेवरच होता, प्रबुद्ध. तू चुकला नाहीस."

"मग खालचा आवाज अर्धा कसा?"

नलिनीला आता चोर माहीत होता, आणि तो सापडला याचा तिला आनंद झाला नव्हता.

५

दुमिंगने तिला परत आलेलं पाहिलं आणि थट्टा केली नाही.

"पट्टी," नलिनी स्टुलावर बसत म्हणाली. "मूळ टेपला हिरवी पट्टी होती. प्रबुद्धने ती लावली आणि गार्गीने धरली. त्या दोघांपैकी कुणी टेप बदलली असती तर कोरीलाही पट्टी लावली असती. ज्याला पट्टी ठाऊकच नव्हती, तो त्या वेळी डोंगरीची चढण चढत होता."

"पास्कलही चढत होता."

"पास्कलने कालच्या रोझरीला येऊन टेप बदलली नाही."

दुमिंगने खाली बघितलं.

"तू म्हणालास, सूर तुटला नाही. गार्गीच्या फोनमध्ये तो प्रत्येक ओळीला तुटतोय. गार्गीला वाटलं, तुम्ही दोघं एकदम श्वास घेत होतात. प्रबुद्धला वाटलं, मायक्रोफोन चुकला. दोघांनी खरं ऐकलं आणि दोघांनी ते आपापल्या परीने झाकून घेतलं. पण एकाची छाती फुगली की दुसऱ्याची थांबते, हे तूच मला सांगितलंस. तुम्ही दोघं एकदम श्वास घेणं शक्य नाही. खाली एकच माणूस गात होता, दुमिंग. तू."

अंगणात कोंबड्या पावसाने ओल्या झालेल्या मातीत उकरत होत्या.

"नोव्हेंबरात कळलं त्याला," दुमिंग म्हणाला. "हॉस्पिटलात मीच गेलो होतो बरोबर. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन, आवाज जाईल, तरी जगण्याची खात्री नाही. रिक्षात बसल्यावर म्हणतो, यात्रा होऊ दे. मग सांगू रेजिनाला. मी भांडलो. शप्पथ घातली मला, आईची. यात्रेपर्यंत आवाज टिकेल असं वाटलं होतं त्याला. आवाज ख्रिसमसलाच गेला. माडीवर माझ्या शेजारी उभा राहून तोंड हलवत होता, नुसतं. गार्गीची पाठ होती म्हणून."

"मग रेकॉर्ड केलं कशाला?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, गाणारे कोण होते हे त्या जुन्या गाण्यांच्या बाबतीत तरी कुणाला माहीत आहे? गाणं राहू दे." दुमिंगने नाक पुसलं. "फक्त रेजिनाला ऐकवू नको म्हणाला. ती कान देऊन ऐकते. ओळखेल. मग विचारेल, कधीपासून? मशीन बंद होतं तोवर काळजी नव्हती. तिने मिस्सेला लावायचं ठरवलं आणि मी काय करू? तिला वाटतंय, एप्रिलमध्ये कळलं आणि कुणाच्या हातात काही नव्हतं. हे कळलं तर ती कशी जगेल?"

"कुठाय टेप?"

तो आत गेला आणि पितळी डबा घेऊन आला. त्यात तांदूळ होते आणि तांदळात, प्लास्टिकच्या पिशवीत, रीळ. टेपला एका टोकाला हिरवी पट्टी.

"ओल लागू नये म्हणून," तो म्हणाला. "तांदूळ ओल खातो."

"जाळली असतीस तर मला काही सिद्ध करता आलं नसतं."

"ऐकवू नको म्हणाला होता तो. जाळ, असं नाही म्हणाला."

नलिनी रीळ मांडीवर घेऊन बसली. ते रेजिनाला दिलं तर तिला नवऱ्याचा आवाज मिळणार नव्हता, वर त्याचं खोटं कळणार होतं. नाही दिलं तर ती जन्मभर अशा आवाजाची वाट बघणार होती, जो कुठेच नव्हता.

"तुझी शप्पथ तू पाळलीस," ती म्हणाली. "मी काही घेतली नव्हती."

६

नलिनीने सगळं सांगितलं ते सरळ, दाव्याचा अहवाल वाचावा तसं. तशा सांगण्यात निदान मध्ये थांबावं लागत नाही. रेजिना कपाटाला टेकून बसून ऐकत होती. दुमिंग दाराशी उभा होता, चपला न काढता. गार्गी आणि प्रबुद्ध मशीनपाशी.

"नोव्हेंबर," रेजिना म्हणाली.

तिने बोटांवर महिने मोजले.

"ख्रिसमसला सगळे जमले होते. मी म्हटलं, गा ना. नाही म्हणाला, घसा. मी चारचौघांत म्हटलं, ते लॅटिन भुताखेतांचं गाताना बरा असतो घसा, आमच्यासाठी नसतो. हसले सगळे. तोही हसला." ती दुमिंगकडे वळली. "तू पण होतास तिथे. माझं जेवलास त्या दिवशी."

"होतो."

"आणि गप्प बसलास."

"बसलो, रेजिना."

"चपला काढ आणि आत ये. दारात उभा राहू नको पाहुण्यासारखा."

तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला.

"लाव," ती प्रबुद्धला म्हणाली.

"आंटी, त्यात त्यांचा आवाज..."

"नाहीये. ऐकलं मी. लाव तू."

टेप सुरू झाली. हिरवी पट्टी मशीनमधून सरकून गेली आणि खोलीत चॅपेलची पोकळी भरली. गार्गीचा आवाज वर गेला. खाली दुमिंगचा एकट्याचा सूर, तुटत, पुन्हा लागत. प्रत्येक तुटीला दुमिंग खुर्चीत किंचित आकसत होता. रेजिना त्याच्याकडे बघत नव्हती. ती तुटलेल्या जागांकडे कान लावून होती, तिथे तरी कुणी आहे का हे बघत. तिथे काही नव्हतं.

शेवटची ओळ आली. वरचा आवाज हळूहळू उतरला, खालच्या सुरावर येऊन टेकला आणि दोन्ही एकदम थांबले. घुमारा भिंतीभिंतीतून विरत गेला. तो पुरता विरेपर्यंत मशीन थांबवायचं नाही, हा पास्कलचा नियम होता.

दुमिंगने हाताने तोंड झाकलं. प्रबुद्धचं बोट बटणाकडे गेलं.

टक्-टक्.

माडीच्या लाकडी कठड्यावर धातू वाजला होता. मग थोडं थांबून, टक्.

त्यापुढे टेपवर काही नव्हतं.

"मला वाटलं होतं, बंद कर म्हणतायत," प्रबुद्ध हळू आवाजात म्हणाला. "म्हणून मी लगेच थांबवलं."

रेजिना उभी राहिली होती. तिचा हात गळ्यातल्या अंगठीवर होता.

"आले," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे वळली.